वानखडे सरांची दोस्तराष्ट्रे

वानखडे सर खुर्चीत बसलेत आणि चहा संपेपर्यंत बसूनच आहेत, असं दृश्य आमच्या अमरावतीच्या कॉलेजात कुणी पाहिलं असेल तर त्यानं मला येऊन सांगावं. मी तरी पाहिलेलं नाही. कप हातात घेऊन ते स्टाफरूमभर फिरायचे. वर्गात शिकवतानाही एका दारातून बाहेर पडायचे, व्हरांड्यातून बोलत बोलत चालायचे आणि दुसऱ्या दारातून आत यायचे. मधली दोन-तीन वाक्यं शेजारच्या अर्थशास्त्राच्या वर्गात जाऊन पडायची. अर्थशास्त्राच्या मॅडमनी एकदा तक्रार केली, की माझी मुलं मागणी-पुरवठ्याच्या उत्तरात फ्रान्स लिहून आली. सर म्हणाले, “मंग बरोबरच लिहिलं असन.”

ते राज्यशास्त्र शिकवायचे, मी भूगोल. मी अचलपूरहून एसटीनं अप-डाऊन करणारा, म्हणून मला नावानं हाक न मारता ‘अचलपूरवाले’ म्हणायचे. आमची ओळख झाली ती जगाच्या नकाशामुळे. भूगोल विभागाचा कापडी नकाशा ते एका तासापुरता म्हणून घेऊन गेले आणि तो राज्यशास्त्राच्या वर्गातच नांदायला लागला. मी मागायला गेलो की म्हणायचे, “तुमाले नद्या शिकवाच्या आहेत, त्या कुठी पळून जात नाहीत. मले भांडणं शिकवाची आहेत, ते रोज जागा बदलते.” माझ्या नद्या मी फळ्यावर काढू लागलो.

भांडणांतही त्यांना एकच जात आवडायची. शत्रूंच्या भांडणात त्यांना काडीचा रस नव्हता. “दुश्मनाशी भांडाले अक्कल लागत नाही. आपल्याच माणसाशी भांडून आपलंच राहाले लागते,” असं ते म्हणत. २००३च्या त्या वर्षी तर त्यांना पर्वणीच लाभली. अमेरिका इराकवर चालून जायला निघाली होती आणि तिचेच जुने मित्र एकेक करून मागे सरत होते. ब्रिटन बरोबर, फ्रान्स-जर्मनी विरोधात. सकाळी पेपर आला की सर त्याची घडी काखेत मारून व्हरांड्यात यायचे आणि लढाई आपल्याच गल्लीत लागल्यासारखे येरझाऱ्या घालायचे.

पुस्तकात ज्याला दोस्तराष्ट्रं म्हणतात त्यांना सर सोयरे म्हणायचे. मी एकदा मागच्या बाकावर बसून तो तास ऐकला. “दोस्त पटला नाही तं बोलणं बंद करता येते,” सर म्हणत होते. “सोयऱ्याचं तसं नाही. तिकडं आपली पोरगी असते, इकडं त्याहिची. म्हणून सोयऱ्याले भांडाचा कायदा असते. आपल्या लग्नात मोठा जावई रुसते का नाही? रुसून कुठी जाते?”

“लिंबाखाली,” एक पोरगा म्हणाला.

“कोणत्या लिंबाखाली? जिथून मांडव दिसते, त्याच. घरी जात नाही. पंगत बसली तरी ताटावर येत नाही, पण कोण मनवाले येते त्याची वाट पाहते. फ्रान्स तिथं बसला आहे.”

वर्ग हसला. सर तोवर व्हरांड्यात पोचले होते, तिथूनच त्यांनी पुढचं ऐकवलं. जो सोयरा प्रत्येक गोष्टीला हो म्हणतो तो सोयरा नव्हे, बँडवाला. सांगाल ते गाणं वाजवतो.

भातकुलीकडचा एक विद्यार्थी उभा राहिला. तुर्कस्तानच्या संसदेनं अमेरिकेच्या फौजेला आपल्या मुलखातून जाऊ दिलं नाही, याचा अर्थ त्याला लागत नव्हता. “सर, थे तं दोघं एकाच गटातले. मंग रस्ता काहून नाही देल्ला?”

सर दुसऱ्या दारातून आत आले. “तुह्या बापाच्या वावरातून चुलत्यानं बैलबंडी न्याची वाट मागतली. पीक उभं आहे. देईन का?”

“नाही देनार.”

“मंग चुलत्याशी भांडन?”

“भांडन ना सर. जोरात भांडन.”

“अन् दोन वावरांमधला धुरा फोडन?”

धुरा म्हणजे शेताचा बांध. पोरगा मान हलवत म्हणाला, “नाही. धुऱ्याले हात नाही लावनार.”

“बस खाली. तुर्कस्तान समजला तुले.”

हे सगळं वर्गापुरतं नव्हतं, म्हणून माणूस आवडायचा. एका वर्षी प्राचार्यांनी स्नेहसंमेलन परीक्षेच्या तोंडावर घ्यायचं ठरवलं. सरांनी सभेत उभं राहून, म्हणजे फिरत फिरत, कडाडून विरोध केला. बाकी सगळ्यांनी माना डोलावल्या आणि ठराव झाला. संमेलनाच्या दिवशी सकाळी मी पोचलो तेव्हा मैदानात एकटे वानखडे सर मांडवाला टेकू लावत होते. प्राचार्य ओशाळून म्हणाले, “सर, तुमचा तर विरोध होता!”

“होता नाही, आहे. खुर्च्या कुठी ठेवू ते सांगा.”

घरी मात्र त्यांना भांडायला कुणी नव्हतं. वहिनी, म्हणजे सरांच्या पत्नी, प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या. दिवसभर पोरांशी बोलून त्यांचे शब्द संपत असावेत. सर बोलत राहायचे आणि त्या काम करत ऐकायच्या. एकुलता एक मुलगा सुमेध बीए झाल्यावर सैन्यभरतीला उतरला, निवडला गेला आणि पंजाबातल्या एका छावणीत जाऊन पोचला. तेव्हा वहिनींना काय वाटलं हे कुणालाच कळलं नाही. सर अभिमानानं सांगायचे, “हिचा विरोध नव्हता.” मला त्या वाक्याची थोडी भीती वाटायची.

सुमेधचं लग्न जमलं ते नांदगाव खंडेश्वरकडच्या तायडेंच्या अर्चनाशी. तायडे स्वतः कापूस पिकवणारे कास्तकार. साक्षगंधाच्या दिवशी, आमच्याकडे साखरपुड्याला साक्षगंध म्हणतात, ते सरांच्या अंगणात सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “वावरवाल्या घरची दोन ठिकानं आल्ती पोरीले. म्या सरळ नाही म्हनलं. कापसाचं काही खरं राह्यलं नाही. वावरात जानारा नको, बॉर्डरवर जानारा चालते. पोरगी सुखात राहीन.” स्वतःच्या तळहातांवर कापसाच्या बोंडांचे ओरखडे असलेला माणूस हे बोलत होता आणि अंगणात कुणालाही त्यात वावगं वाटलं नाही. त्या वर्षांत आमच्या भागात मुलीचा प्रत्येक बाप हेच बोलायचा. जमिनीपेक्षा बंदूक भरवशाची वाटावी इतकी वाईट वेळ आली होती, आणि आम्ही मात्र टाळ्या वाजवत पेढे खाल्ले. लग्न दिवाळीनंतर, सुमेधच्या मोठ्या सुट्टीत करायचं ठरलं.

तोवर इराकमधली मुख्य लढाई संपली होती, पण शांतता काही येत नव्हती. जूनमध्ये कॉलेज पुन्हा उघडलं तेव्हा पेपरात बातमी आली, की अमेरिकेनं आपल्या देशाकडेही फौज मागितली आहे. दिल्लीत खल सुरू झाला. कुणी म्हणे पाठवा, मोठ्या देशाशी मैत्री वाढेल. कुणी म्हणे आपला काय संबंध.

त्या सकाळी सर व्हरांड्यात आले, पण पेपर काखेत नव्हता, हातात उघडा होता आणि ते वाचत वाचत चालत खांबावर आदळले. वर्गावर गेले तर नाहीच. विद्यार्थी विचारायला आले, सर, आता आपण काय करणार? वर्षभर सगळ्या जगाच्या सोयरिकी सोडवणारा माणूस म्हणाला, “पाहू.” मला ते ऐकवेना.

खरी गोष्ट मला तीन-चार दिवसांनी कळली. कॉलेजच्या मैदानाला आम्ही फेऱ्या मारत होतो. सुमेध दर रविवारी सकाळी घरी फोन करायचा. मागच्या रविवारी तो म्हणाला होता, की आपली पलटण जाईल अशी छावणीत बोलवा आहे. हवालदारानं सहज विचारलं, गेलो तर कोण कोण तयार? आणि सुमेधनं हात वर केला होता.

“वहिनींना माहीत आहे?”

“नाही.”

“तायडेंना?”

सर भराभर चालू लागले. आणखी एक फेरी झाली. मग स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, “लढाईच्या आधी सोयऱ्यापासून लपवलं का सोयरीक तुटते. मंग ते लढाई जिंका का हारा. म्या हे किती पोट्ट्यांले लिहून देल्लं, अचलपूरवाले. अन् आता माह्याच तोंडातून निंगून नाही राहिलं.”

“मग सांगू नका. दिल्लीचं अजून ठरलंही नाही.”

“तायडेनं पोरगी सुखात राहीन म्हणून देल्ली आहे,” ते म्हणाले. “लपवून ठेवली तं चोरी होते.”

त्यांनी त्याच संध्याकाळी वहिनींना सांगितलं. वहिनी भाकरी थापत होत्या, त्यांनी ती पुरी केली, तव्यावर टाकली आणि विचारलं, “तायडेले कवा सांगता?” एवढंच. सर म्हणाले, ती भाकरी करपली, आजवर हिच्या हातची करपली नव्हती.

दुसऱ्या दिवशी नांदगाव खंडेश्वरच्या एसटीत सरांबरोबर मी होतो. एकट्याला जाववेना म्हणून त्यांनी मला ओढलं. पेरण्या झाल्या होत्या आणि पावसानं दडी मारली होती. गाडीत सगळे खिडकीबाहेरच बघत होते. सर संपूर्ण प्रवास उभ्यानं, दांडा धरून. जागा असूनसुद्धा.

तायडे ओसरीवर भेटले. सरांनी पाणीही न घेता सांगून टाकलं. हाताची गोष्ट, पलटणीची, दिल्लीची, सगळी. तायडेंनी हातातली तंबाखू खाली ठेवली.

“इवाई,” ते म्हणाले. व्याह्याला आमच्याकडे असंच म्हणतात. “हे तुमी न सांगता बी चाललं असतं.”

“चाललं नसतं.”

“म्या तुमाले खोटा नाही म्हनत. पन माह्या बाजूनं पाहा. वावरवाला नाकारला तो काहून? धोका नको म्हनून. अन् आता थो धोका इराकातून आला. पत्रिका छापू नका सध्या. दिल्लीचं काय होते ते पाहू.”

“छापू ना काहून? दिल्लीचं अन् पत्रिकेचं काय?”

“तुमचा पोरगा, तुमी म्हनसान छापा. पोरगी माही हाय.”

आवाज चढले. सरांनी ओसरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला सुरुवात केली आणि तायडे मान वळवून वळवून उत्तरं देऊ लागले. पण दोघंही धुरा सांभाळून भांडत होते, हे मला जाणवत होतं. कुणी कुणाच्या घराण्यावर गेलं नाही. शेवटी दोघांची अक्कल एकत्र येऊन करार असा झाला, की फौज जाणार असं ठरलं तर लग्न पुढे ढकलायचं, नाही ठरलं तर दिवाळीनंतर तेच. सरांना करार आवडला. ते माझ्याकडे बघून म्हणाले सुद्धा, की दोन्ही बाजूंचं राहिलं. या सगळ्या वेळात अर्चना दोनदा चहा घेऊन आली आणि दोनदा रिकामे कप घेऊन आत गेली. दोघांपैकी कुणाच्याही ध्यानात आलं नाही.

आम्ही उठलो तेव्हा ती दारात उभी राहिली.

“झालं तुमचं ठरून?”

“झालं बेटा,” सर म्हणाले.

“दिल्लीवाले ठरवून राहिले, अमेरिकावाले ठरवून राहिले, तुमी दोघं ठरवून राहिले. हात त्यानं वर केला अन् लगन माह्यासंग हाय. आमाले कोनं इचारलं?” मग बापाकडे वळून म्हणाली, “रविवारी अमरावतीले जाऊ. मले फोनवर बोलाचं हाय त्याच्यासंग.”

तायडे ‘पण’ म्हणाले आणि थांबले. सरांच्या तोंडावर लाज स्पष्ट दिसत होती. परतीच्या गाडीत ते एकदाच बोलले. “वर्षभर शिकवलं, अचलपूरवाले. यानं काय म्हटलं, त्यानं काय म्हटलं. जो लढाले जाणार त्याले अन् त्याच्या बायकोले कोणी इचारते का, हा धडाच नाही माह्या पुस्तकात.”

रविवारी सकाळी मी मुद्दाम अचलपूरहून निघून सरांकडे गेलो. तायडे आणि अर्चना आधीच आले होते. फोन वाजला. अर्चनानं उचलला आणि दुसऱ्या हातानं बैठकीचं दार लावून घेतलं. आम्ही सगळे अंगणात. वहिनी ओट्यावर अंबाडीची भाजी निवडत होत्या. पानं एका बाजूला, देठ एका बाजूला. मग देठांत पानं जाऊ लागली. तायडे तंबाखू मळत होते आणि तोंडात टाकायचं विसरत होते. सर पेरूच्या झाडापासून फाटकापर्यंत, फाटकापासून झाडापर्यंत. आतून एकदा मोठा आवाज आला, तिचा. मग बराच वेळ काही नाही. मीही नकळत सरांच्या मागे फेऱ्या मारू लागलो होतो. वास्तविक माझा त्यात काय संबंध?

दार उघडलं. तिचे डोळे लाल होते, पण आवाज साफ होता.

“म्या सांगतलं, मले न इचारता हात वर केला याचा राग हाय, अन् थो राहीन. लगन दिवाळीनंतर ठरलं तवाच होईन. थो जावो का राहो.”

“पन त्यानं हात वर काहून केला?” तायडेंनी विचारलं.

“म्या बी हेच इचारलं. म्हने, सगळ्यायचे वर होते.”

सर फाटकापाशी होते. तिथूनच हसल्यासारखं करत म्हणाले, “म्हणजे माह्याच घरात बँडवाला निंगाला.”

“मामाजी,” अर्चना होणाऱ्या सासऱ्यांना म्हणाली, “बँडवाले वाजवून घरी जाते.”

वहिनींनी भाजीची परात उचलली आणि आत जाता जाता अर्चनाच्या पाठीवर हात ठेवला. तो हात त्यांनी लवकर काढला नाही.

पुढे पावसाळ्यातच दिल्लीचा निर्णय आला. फौज पाठवणार नाही. दवाखान्यासारखी दुसरी मदत करू. सर त्या दिवशी सगळ्या स्टाफसाठी दही-चटणीतले गिलावडे घेऊन आले आणि व्हरांड्यातून अख्ख्या कॉलेजला ऐकू जाईल अशा आवाजात शिकवलं. आपल्या देशानं नाही म्हटलं, आणि मांडवही सोडला नाही. लिंबाखाली कसं बसावं हे आपल्याकडून शिका! अर्थशास्त्राच्या मॅडमनी त्या दिवशी आपलं शिकवणं थांबवून ऐकलं. दिवाळीनंतर लग्न झालं, आणि त्यात एकही जावई रुसला नाही याची सरांनी तक्रार केली. अर्चना आणि सुमेध एकमेकांशी जरा तुटक वागताना दिसले, तेव्हा ते मला कोपर मारून म्हणाले, “राग राखून आहे पोरगी. पक्की सोयरीक आहे.”

सुमेधची सुट्टी संपत आली तेव्हा पलटण हलल्याचं कळलं. त्याला आता पंजाबात नाही, थेट काश्मीरच्या सीमेवर हजर व्हायचं होतं.

त्यानंतर लवकरच माझी बदली अकोल्याला झाली आणि सर निवृत्त झाले. त्यामुळे ते मला शेवटचे दिसले ते बडनेरा स्टेशनवर, सुमेधला सोडायला आलेले. दुपारची वेळ होती. अर्चना खिडकीच्या गजांना धरून त्याच्याशी हळू आवाजात काहीतरी बोलत होती. तायडे पाण्याच्या बाटल्या भरून आणत होते, एक झाली की दुसरी. सर फलाटावर मला सांगत होते, की ही बदली म्हणजे नेहमीची गोष्ट आहे, काळजीचं काही नाही. बोलता बोलता तेच दुसऱ्यांदा सांगितलं. गाडी हलली. सुमेधनं आईकडे बघून हात केला. गाडीचा शेवटचा डबा सिग्नलपलीकडे जाईपर्यंत कुणी हललं नाही. मग तायडे अर्चनाला घेऊन जिन्याकडे गेले.

वहिनी तिथंच उभ्या होत्या. रुळांकडे बघत त्या म्हणाल्या, “थे लढाई दुसऱ्याची होती. तिले नाही म्हनता आलं, तुमी गिलावडे वाटले. हे आपली हाय. हिले नाही कोन म्हनते?”

सरांनी तोंड उघडलं. मी वाट पाहत होतो, की आता फ्रान्स येईल, नाहीतर जावई, नाहीतर कुठला तरी धुरा. काहीच आलं नाही. ते नुसतं म्हणाले, “मी बी हिले ‘नाही’ म्हणलो नसतो.”

“मले मालूम हाय,” वहिनी म्हणाल्या. “म्हनून तं म्या तुमाले कधी म्हनलं नाही, का याले नका पाठवू.”

सर त्यांच्याकडे बघत राहिले. इतक्या वर्षांच्या संसारात हे वाक्य ते पहिल्यांदाच ऐकत होते.

“मंग म्हणाचं होतं,” ते म्हणाले. “भांडलो असतो आपण.”

“भांडून तुमी ऐकलं असतं?”

सरांनी मान हलवली. नाही. मग खाली ठेवलेली रिकाम्या डब्याची पिशवी त्यांनी उचलली, आणि दोघं जिन्याकडे निघाले.